लस दिली ती कुणाला?

आमच्या बोक्याचं नाव भडंग. अंग हळदीच्या रंगाचं, त्यावर मधूनच शेंगदाण्यासारखे तपकिरी ठिपके. सांगलीत अशा प्राण्याला दुसरं नाव शोभलंच नसतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली, गावभागातल्या आमच्या खालच्या खोल्या बुडाल्या आणि हा कुठून तरी येऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला. पाणी ओसरलं, चिखल निघाला, पंचनामे झाले, हा तिथंच. पंचनाम्यात फक्त नुकसानीचे रकाने होते, त्यामुळं याची नोंद राहून गेली.

ती यंदा करावी लागली. लेक जर्मनीत आहे. आई-बाबा नंतर आले तरी चालतील, पण भडंग तिकडं हवाच, असं तिचं म्हणणं.

"बाबा, आधी त्याला मायक्रोचिप बसवायची, मग रेबीजची लस."

"लस गेल्याच महिन्यात दिली. कार्डावर शिक्का आहे."

"ती धरत नाहीत. लस दिली तो भडंगच कशावरून?"

मी गार पडलो. तीस वर्षं बँकेत कॅशियर होतो, असले प्रश्न जन्मभर मीच लोकांना विचारले. शिवाय लसीनंतर तीस दिवसांनी रक्त तपासायचं, मग आणखी तीन महिने थांबायचं. थोरल्या भावाचं लग्नसुद्धा यापेक्षा लवकर ठरलं होतं.

भडंगला दवाखान्यात न्यायला तासगावच्या मेहुण्यांकडचे द्राक्षाचे दोन क्रेट कामी आले. एकात तो, दुसरा वर पालथा, भोवती सुतळी. रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, "काय ओ काका, कोंबडं हाय काय?"

"मांजर. चिप बसवायचीय."

"सिमकार्डाची? मग रिचार्ज किती दिवसांचा?"

खरं तर त्यानं हसायचं कारण नव्हतं. आमच्या दूधवाल्याच्या म्हशींच्या कानात केव्हाचे पिवळे बिल्ले आहेत, बारा आकडी. भडंगला मिळणार होते पंधरा. म्हणजे म्हशीला तीन आकड्यांनी मागं टाकलं, हे मी घरी येऊन सौभाग्यवतींना सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

डॉक्टरांनी चिप दाखवली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. "बॅटरी नाही हिला. स्कॅनर जवळ आणला की जागी होते, नंबर सांगते आणि पुन्हा झोपते." आमच्या शाखेत असे दोघे होते. फरक एवढाच की ते नंबरही सांगत नसत.

"म्हणजे हा रात्री कुठं जातो ते कळेल?" सौभाग्यवतींनी विचारलं. त्यांचा शेजारच्या दुधाच्या पातेल्यावर डोळा होता, म्हणजे भडंगचा असतो असा त्यांचा संशय होता.

"नाही काकू, जीपीएस नाही हे. अगदी अंगाजवळ स्कॅनर धरला तरच कळतं. आणि नंबर तुमच्या फोनसह नोंदवला नाही तर नुसते आकडे."

मग त्यांनी आधी रिकामाच स्कॅनर त्याच्या पाठीवरून, मानेवरून फिरवला. आधीची चिप आहे का ते बघतात म्हणे. तेवढा अर्धा मिनिट माझ्या छातीत धडधडलं. पुरात वाहून आलेला जीव, मशीन वाजलं असतं तर कुणाचं तरी नाव निघालं असतं, आणि मग क्रेट कुणाच्या दारात उतरवायचा? मशीन वाजलं नाही. सौभाग्यवतींनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

फॉर्मवर जन्मतारीख होती. "पुरातला आहे," मी म्हणालो. जात मी 'गावठी' सांगितली, डॉक्टरांनी 'डोमेस्टिक शॉर्टहेअर' लिहिलं. "बघा," सौभाग्यवती म्हणाल्या. काय बघायचं ते मला कळलं नाही.

सुई मात्र दाभणाला भाऊ म्हणेल एवढी होती. दोन्ही खांद्यांच्या मध्ये कातडी चिमटीत धरून टोचायची. "काका, मान घट्ट धरा." मी धरली. भडंगनं चिपला हूं की चूं केलं नाही. सुई निघाल्यावर, सगळं संपल्यावर, शांतपणे मान वळवली आणि माझ्या उजव्या अंगठ्यात दात रुतवले. स्कॅनर तेवढ्यात 'पीं' करून पंधरा आकडे दाखवत होता.

डॉक्टरांनी मला नळाखाली उभं केलं. साबण लावून पंधरा मिनिटं. "आणि काका, सरळ सिव्हिलला जा. रेबीजची इंजेक्शनं सुरू करा."

"अहो, त्याला लस दिलीय ना!"

डॉक्टर काही बोलले नाहीत. लेक व्हिडिओ कॉलवर होती, ती म्हणाली, "बाबा, ती धरत नाहीत."

हे सगळं नोव्हेंबरात घडलं, आणि नोव्हेंबरात आम्हा पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. बँकेत काउंटरवरच्या पोरानं मशीन पुढं सरकवलं. उजव्या अंगठ्याला ही एवढी पट्टी. डावा ठेवला, तो नोटा मोजून गुळगुळीत झालेला. लाल दिवा. तर्जनी. लाल दिवा. तेल लावून, पुसून, फुंकर मारून, लाल दिवा.

"काका, तुम्ही तुम्हीच आहात हे मला माहिताय हो," तो ओशाळून म्हणाला. या पोराला बंडल बांधायला मीच शिकवलं. "पण मशीन ओळखत नाही. पट्टी निघाली की या."

मागच्या रांगेतून कुणी तरी विचारलं, "अंगठ्याला काय झालं ओ?"

"ओळख पटवायला गेलो होतो," मी म्हणालो आणि बाजूला झालो.