सुटून आल्यावर काय?

बलात्काराची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर 'भर चौकात फाशी द्या' सुरू होतं. संताप खरा असतो, माझाही असतो. इंग्लंडातल्या तुरुंगांत अशा गुन्हेगारांना थेरपी देतात हे मी लिहिलं, तर मावसभाऊ उसळलाच: "अगं ताई, असल्यांचे लाड कशाला?"

पण फाशी किती जणांना होते? मुंबईच्या शक्ती मिलमधल्या तिघांनी महिन्याभरात त्याच जागी दोन सामूहिक बलात्कार केले. त्यांनाही २०१४ साली सुनावलेली फाशीची शिक्षा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मरेपर्यंत जन्मठेपेवर आणली. बाकीचे बहुतेक शिक्षा भोगून बाहेर येतात, आणि ते कुणाच्या तरी शेजारीच राहायला येतात.

थेरपी म्हटली की काम झालं, असंही नाही. इथे इंग्लंडात १९९०च्या दशकापासून तुरुंगात गट भरायचे. कैदी गोल करून बसत, आणि प्रत्येकाने आपला गुन्हा सगळ्यांसमोर उलगडायचा: त्या आधी मनात काय चाललं होतं, तिला काय वाटलं असेल. ऐकायला किती पटतं! २०१७ साली न्याय मंत्रालयाने हिशोब मांडला. उपचार घेतलेल्या २,५६२ जणांपैकी १० टक्क्यांनी सरासरी आठ वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्हा केला होता, तर उपचार न घेतलेल्या तशाच कैद्यांपैकी ८ टक्क्यांनी. कार्यक्रम बंद झाला आणि अहवाल सगळ्यांसाठी खुला केला. इथल्या सरकारबद्दल मला ज्या मोजक्या गोष्टींचा आदर वाटतो, त्यात ही एक.

मग थेरपी थोतांड? नाही. २०१९ मध्ये ७० अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यांत ५५ हजार गुन्हेगार होते. उपचार न घेतलेल्या लैंगिक गुन्हेगारांपैकी १४.१ टक्के पुन्हा लैंगिक गुन्ह्याकडे वळले, घेतलेल्यांपैकी ९.५. बायकोला मारहाण करणाऱ्यांमध्येही घट दिसली. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ सतत हजर असले की गुण जास्त येतो, हेही त्यात निघालं. शंभरामागे चार-पाच जण थांबले, म्हणजे निदान तेवढ्या बायका-मुली वाचल्या. भावाला मी हेच सांगितलं: हे लाड त्यांचे नाहीत रे, त्या मुलींसाठी आहेत.

लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आपल्याकडे २०१८ पासून आहे. येरवडा, नाशिक रोडच्या तुरुंगांत मानसशास्त्रज्ञ नेमून थेरपीचे वर्ग सुरू करावेत, सुटलेल्यांचा माग किमान पाच वर्षं ठेवावा, आणि आकडे वाईट निघाले तरी ते छापावेत.