फॉर्ममधला "सध्याचे पद" हा रकाना

परवा आमच्या एम.एड.च्या ग्रुपवर कॉलेजकडून गुगल फॉर्म आला. नॅकसाठी, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी, माजी विद्यार्थ्यांची माहिती हवी होती. नाव, बॅच, सध्याचे पद, मिळालेले पुरस्कार. खाली टीप होती, अधिकारी पदावर असलेल्यांनी फोटो जोडावा, दर्शनी भागातल्या फलकावर लावायचा आहे.

संध्याकाळी अक्कलकोट तालुक्यातून मैत्रिणीचा फोन आला. "अगं, पदात नुसतं उपशिक्षिका लिहिलं तर चालतंय का? का भरूच नको?"

तिचा तो प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

आमची बॅच २००९-१० ची. तेव्हा एम.एड. एका वर्षाचं होतं, २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. सोलापूर विद्यापीठ २००४ साली सुरू झालं, त्यामुळे आमच्या सिनिअर लोकांच्या पदव्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आणि आमच्या इथल्याच. घरचं विद्यापीठ म्हणून केवढा अभिमान होता आम्हाला! वर्गात आम्ही वीसएक जण होतो. पैकी एक जण एमपीएससी देऊन उपशिक्षणाधिकारी झाला. त्याचा फोटो फलकावर लागलाच पाहिजे, कारण हॉटेलात रात्रपाळी करून तो दिवसा लेक्चरला बसलेला आम्ही पाहिलाय. दोघं प्राध्यापक आहेत, एक केंद्रप्रमुख आहे. एक जण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. २०१२ च्या मे महिन्यात शिक्षकभरती बंद झाली, २०१३ पासून टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग २०१७ च्या डिसेंबरात अभियोग्यता चाचणी आणि तिच्यामागून भरतीचं पवित्र पोर्टल. एवढ्या वर्षांत घर चालवायला माणूस काय करणार? त्याला नापास झालेला समजणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आणि एक जण बी.एड. कॉलेजात तासिका तत्त्वावर आहे. एम.ए., एम.एड., प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा, सगळं झालंय. उद्याचे शिक्षक तोच घडवतो, पण दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्या घरी पगार येत नाही. मी स्वतः एका संस्थेत मुलाखतीला गेले होते, तेव्हा माझी पाठ टाचणं कुणी उघडूनही पाहिली नाहीत. "किती जमेल?" एवढंच विचारलं. वडील बाहेर बाकावर बसले होते. त्यांना मी सांगितलं, जागा भरली म्हणे. आज मी अनुदानित शाळेत आहे, एक रुपया न देता लागले. पण तो बाक अजून डोळ्यांसमोर येतो.

आता मैत्रिणीबद्दल लिहिते. तिच्यासाठीच तर हे सगळं.

तिचं डी.एड. आधीच झालेलं होतं आणि त्यावरच ती झेडपीत शिक्षणसेवक म्हणून लागली. एम.एड.मुळे तिच्या पगारात एक रुपयाही वाढला नाही. तिच्या लघुशोधप्रबंधाचा विषय होता, घरी तेलुगू बोलणाऱ्या चौथीच्या मुलांच्या मराठी लेखनातल्या चुका. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळांत आणि घरांत मी तिच्याबरोबर हिंडले होते. आया मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, पोरं शेजारी बसून तिच्यासाठी शुद्धलेखन लिहायची. ती एकेक चूक मोजून वर्ग पाडायची. मुलाचं चुकतंय असं म्हणू नका, तो घरच्या भाषेतून मराठीकडे येतोय, असं तिने शेवटी लिहिलं होतं. तो प्रबंध सोनेरी अक्षरांत बाइंडिंग होऊन ग्रंथालयाच्या कपाटात गेला.

तिची शाळा सीमेवरच्या गावात. शाळा मराठी, घरं कानडी. पहिल्याच वर्षी वर्गात "हिरवे मळे" शिकवताना तिने विचारलं, मळे कुठं असतात? एका पोराने खिडकीतून वर बोट केलं. बाकीची हसली नाहीत, त्यांनीही आभाळाकडंच बघितलं. तिने घरी येऊन शेजारच्या अक्कांना विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कानडीत मळे म्हणजे पाऊस.

त्या रात्री तिने दोनशे पानी वही घातली. डाव्या बाजूला मराठी पुस्तकातला शब्द, उजव्या बाजूला तोच उच्चार कानडी कानाला काय वाटतो ते. मने म्हणजे घर. कालु म्हणजे पाय, म्हणून "काल" म्हटलं की पोरं खाली बघतात. हालु म्हणजे दूध, मग "हाल झाले" हे वाक्य त्यांना कसं कळावं? पहिलीतल्या मुलाला ती आधी "नीरु" म्हणू देते, मग पाणी शिकवते. आज तिच्या अशा चार वह्या भरल्या आहेत. प्रबंधात तेलुगू पोरांकडून जे शिकली, ते ती कानडी पोरांसाठी वापरतेय. तिच्या एम.एड.चं चीज झालंय ते इथं, या वह्यांत. याच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याची मान उंचावली. दहा लाख डॉलर आणि त्यातली निम्मी रक्कम उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटली, हे सगळ्यांना पाठ आहे. पाठ्यपुस्तकातले त्यांचे क्यूआर कोडही पाठ आहेत. पण त्यांच्या कामाची सुरुवात कुठून झाली? वर्गातल्या मुलींची भाषा कानडी आणि पुस्तक मराठी, म्हणून ते आधी कानडी शिकले. ही गोष्ट सत्काराच्या भाषणात मी क्वचितच ऐकली. आपण आकडा लक्षात ठेवतो आणि काम विसरतो. माझ्या मैत्रिणीच्या गावात कुणी परीक्षक येणार नाही, पण काम त्याच जातीचं आहे.

कॉलेजातल्या सरांना मी फोन केला. फलकाला माझा विरोध नाही, हे आधी सांगितलं, मग मैत्रिणीच्या वह्यांबद्दल सांगितलं. म्हटलं सर, फॉर्ममध्ये आणखी एक प्रश्न घाला, तुमचा लघुशोधप्रबंध तुम्ही पुढे वर्गात कुठे वापरलात? नव्या बॅचच्या पोरींना अधिकाऱ्याचा फोटो दिसतो, पण आपला विषय निवडताना या वहीसारखं काही हाताशी नसतं. मग दोन गोष्टींचा आकड्यांतून संबंध लावणाऱ्या त्याच त्या "सहसंबंधात्मक अभ्यास" प्रकारात त्या अडकतात. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, "वही पाठवता येईल का?"

शनिवारी सकाळची शाळा करून ती एसटीने सोलापूरला येतेय. चारही वह्यांची झेरॉक्स काढायची, बाइंडिंग करायचं आणि ग्रंथालयात तिच्या प्रबंधाशेजारी ठेवायचं ठरलंय. बॅचमधल्या कुणाकडे असं काही असेल, टाचण, तक्ते, मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिका, काहीही, तर घेऊन या. दुपारी एक वाजता कॉलेजच्या गेटवर भेटू.

आणि फॉर्मबद्दल तिला मी सांगितलंय, पदात उपशिक्षिकाच लिही, आणि पुरस्काराच्या रकान्यात "मळे" एवढा एकच शब्द लिही. कुणी अर्थ विचारला तर सांगायला आपण आहोतच.