‘सगळे इंटरनेटवर आहे, मग रेडिओवर राग कशाला?’

आकाशवाणीवरील शास्त्रीय संगीताच्या कार्यक्रमांविषयी एक मत सध्या फार फिरते आहे. ते पुढे पाठवणाऱ्यांत संगीताची खरी आवड असलेली मंडळीही आहेत, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते. ते मत थोडक्यात असे : सारे शास्त्रीय संगीत आता यूट्यूबवर आणि स्ट्रीमिंग ॲपवर फुकट मिळते, स्थानिक केंद्रांवरून होणारे अर्ध्या-अर्ध्या तासाचे गायन-वादन कोणी ऐकत नाही, सरकारने ते १९५२ पासून लोकांवर लादले आणि लोकांनी ते तेव्हाच नाकारले, अर्ध्या तासात राग मावत नाही, कलाकारांना श्रेणी देण्याची पद्धत कालबाह्य झाली आहे, आणि एवढे करून ज्याला ऐकायचेच असेल त्याच्यासाठी ‘रागम्’ ही चोवीस तासांची वाहिनी आहेच. तेव्हा केंद्रांनी ही वेळ मोकळी करून तिथे लोकप्रिय गाणी लावावीत. यातली एक-दोन निरीक्षणे बरोबर आहेत आणि ती मी नाकारणार नाही, पण त्यांवरून काढलेला निष्कर्ष टिकत नाही.

पहिला मुद्दा सर्वांत मोठा, कारण बाकीचे सगळे त्याच्या आधाराने उभे आहेत. इंटरनेटवर पुष्कळ आहे, हे खरे आहे. ते तिथे आले कुठून, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे बसे आणि १९०२ पासून पुढची जवळजवळ पन्नास वर्षे ध्वनिमुद्रित शास्त्रीय संगीताचा विस्तार तेवढाच होता. गायक दत्तात्रेय विष्णू पलुसकर १९५५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेले, तेव्हा दीर्घकाळ वाजणारी तबकडी आपल्याकडे रुळलेलीही नव्हती. त्यांचा ऐसपैस मांडलेला ख्याल आज ऐकता येतो, तो मुख्यतः रेडिओने आणि खासगी मैफलींत कोणी ना कोणी करून ठेवलेल्या ध्वनिमुद्रणांमुळे. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या व्यावसायिक तबकड्या मोजक्याच. रसिकांच्या संग्रहांत त्यांचे जे गाणे हातोहात फिरत राहिले, त्यातला मोठा भाग आकाशवाणीवरून प्रसारित झालेला आहे. आपल्या संग्रहातील निवडक मैफली आकाशवाणीने २००३ पासून सीडीच्या रूपानेही बाहेर आणल्या. म्हणजे ज्या साठ्याकडे बोट दाखवून रेडिओ बंद करा असे सांगितले जाते, तो साठा बऱ्याच अंशी रेडिओनेच उभा केलेला आहे. आज सांगलीच्या, परभणीच्या किंवा धारवाडच्या केंद्रावर मुद्रित होणारे गाणे थांबले, तर तीस वर्षांनी ऐकायला आजच्या पिढीचे काय उरेल?

यावर असे म्हटले जाते, की कलाकार आता स्वतःच मोबाइलवर मुद्रण करून ते टाकू शकतो. टाकू शकतो, आणि टाकतोही. पण केंद्राच्या स्टुडिओत त्याला शांत खोली मिळते, तयारीचा तबलजी मिळतो, संवादिनी (हार्मोनियम) किंवा सारंगी साथीला मिळते, माइकसमोर कुठे बसायचे हे सांगणारा तंत्रज्ञ मिळतो आणि शेवटी मानधन मिळते. मोबाइलवर गाणाऱ्याला यातले प्रत्येक स्वतः जुळवावे लागते आणि बहुधा इलेक्ट्रॉनिक तानपुरा व तालाच्या ॲपवर भागवावे लागते. साथीदारांचा विचार तर या वादात कोणी करतच नाही. राम नारायण यांनी १९४४ मध्ये लाहोर केंद्रावर सारंगीचे साथीदार म्हणून नोकरी धरली; बासरीवादक हरिप्रसाद चौरसिया १९५७ मध्ये कटक केंद्रावर लागले; बासरीवादकच असलेले पन्नालाल घोष १९५६ मध्ये दिल्लीच्या वाद्यवृंदाचे काम पाहू लागले. गायक मल्लिकार्जुन मन्सूर धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार होते. संस्थानांचा आश्रय संपल्यानंतरच्या काळात ज्या नोकरीने वादकांच्या घरची चूल पेटती ठेवली ती ही होती, आणि सारंगी आपल्या कानांवर राहिली यात केंद्रांवर कायम नेमलेल्या सारंगियांचा वाटा मोठा आहे.

‘मिळते’ म्हणण्यातली दुसरी अडचण नवख्या श्रोत्याची आहे. भूप आणि देशकार घ्या. दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर आहेत. भूपात गंधाराला मान आहे, गाणे खालच्या अंगाने फुलते आणि वेळ रात्रीच्या पहिल्या प्रहराची आहे. देशकारात धैवत पुढे येतो, गाणे वरच्या अंगाला झेपावते आणि वेळ सकाळची. स्वरांची यादी सारखीच असल्याने हा फरक पुस्तकातून समजत नाही, तो कानाला वारंवार घडावा लागतो. सकाळी केंद्र लावले, उद्घोषकाने ‘राग देशकार, विलंबित एकताल’ (विलंबित म्हणजे संथ लयीतले) असे सांगितले, आणि आठवड्याने संध्याकाळी त्याच आवाजात ‘राग भूप’ असे शब्द आले, की ऐकणाऱ्याच्या मनात दोन वेगळे कप्पे आपोआप तयार होतात. मारवा, पूरिया आणि सोहनी या तिघांचेही असेच आहे. इंटरनेटवर यातला राग शोधायचा, तर त्याचे नाव आधी माहीत हवे. नाव माहीत असले, तरी पुढ्यात येतात ती बहुतेक वेळा त्याच चार-पाच थोर नावांची तीच ती मुद्रणे. आणि टाकणाऱ्याने शीर्षकात राग चुकीचा लिहिला असेल, तर तो सुधारायला कोणी बसलेले नसते. विलंबितात आलापी नुकती रंगू लागलेली असताना मध्येच जाहिरात घुसते, याचा अनुभव तर सर्वांनाच आहे. श्रोत्याने मागितलेले नव्हते, त्याला ठाऊकही नव्हते, असे काही जाणत्या माणसाने निवडून, नाव-तालासह आणि योग्य वेळी त्याच्या कानावर घालणे हे काम रेडिओ करतो, आणि हेच काम यंत्राने चालणाऱ्या यादीला जमलेले नाही.

‘योग्य वेळी’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवता येत नाही. त्या नियमाला माझा विरोध नाही, परंतु त्याचा परिणाम मान्य केला पाहिजे. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव पूर्वी रात्रभर चाले, आता तो बहुधा दहाला थांबतो. त्यामुळे मध्यरात्रीचा दरबारी आणि पहाटेचा ललित खुल्या मंडपात आपापल्या वेळेला ऐकण्याची संधी जवळपास संपली. सभागृहांतल्या मैफली तर बहुतेक संध्याकाळच्याच असतात, आणि परिणामी दुपारचे सारंग आणि मुलतानी कोणाच्या फारसे वाट्यालाच येत नाहीत. आठही प्रहरांचे संगीत घराघरांत पोहोचवू शकेल अशी सार्वजनिक व्यवस्था आज रेडिओखेरीज दुसरी नाही. केंद्रे या शक्तीचा पुरेसा वापर करत नाहीत, ही तक्रार रास्त आहे.

‘कोणी ऐकत नाही’ या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. श्रोत्यांची संख्या हाच निकष मानला, तर जाहिरातींवर चालणारी खासगी एफएम केंद्रे २००१ पासून तो पाळतच आहेत, आणि त्यांच्यावर शास्त्रीय संगीत किती लागते हे सर्वांना माहीत आहे. सार्वजनिक प्रसारणाची गरज तिथूनच सुरू होते. प्रसार भारती कायदा १९९० सालचा असून त्याने श्रोत्यांना माहिती, शिक्षण आणि रंजन पुरवणे हे प्राथमिक कर्तव्य ठरवले आहे, आणि देशाच्या विविध प्रदेशांतील संस्कृतींना कार्यक्रमांत पुरेशी जागा देणे हेही त्यातच सांगितले आहे.

आता ‘लादण्याचा’ आरोप. यात इतिहासाचा अर्धाच भाग सांगितला जातो. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये माहिती व प्रसारण मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते श्रीलंकेच्या रेडिओ सिलोनकडे वळले. हे खरे आहे, आणि ते धोरण चुकीचे होते असे माझेही मत आहे. एका प्रकारच्या संगीताला मान देण्यासाठी दुसऱ्याला दार बंद करण्याची काहीही आवश्यकता नव्हती. पण त्या चुकीवर काढलेला उपाय पाहा. ऑक्टोबर १९५७ मध्ये ‘विविध भारती’ सुरू झाली. लोकांना हवी ती गाणी देणारी वेगळी सेवा उभी राहिली, आणि त्यासाठी शास्त्रीय संगीताचे कार्यक्रम बंद करावे लागले नाहीत. पुढे त्याच विविध भारतीवर ‘संगीत सरिता’ आली, ज्यात रागाची ओळख करून देताना त्या रागातले चित्रपटगीतही ऐकवले जाई आणि गाण्याच्या ओढीने आलेला श्रोता रागापाशी येऊन थांबे. श्रोत्यांनी १९५२ मध्ये चित्रपटगीतांची बंदी नाकारली होती; त्यांनी राग नाकारला, असा अर्थ त्या घटनेतून निघत नाही.

अर्ध्या तासात राग मावत नाही, हे म्हणणे जाणकारांच्या तोंडून येते म्हणून अधिक खटकते. दरबारीसारख्या रागाला अर्धा तास अपुरा पडतो हे मान्य. म्हणूनच तर जुलै १९५२ पासून शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन भरू लागले. मोठ्या मांडणीसाठी मोठी जागा रेडिओने पहिल्यापासून राखलेली आहे. रोजच्या अर्ध्या तासाचे काम वेगळे आहे. टेप सर्रास वापरात येण्यापूर्वी कलाकार स्टुडिओत प्रत्यक्ष प्रसारणातच गात. लाल दिवा लागला की षड्ज, समोर भिंतीवर घड्याळ, आणि विलंबिताला पंधरा-सोळा मिनिटे, द्रुताला (जलद लयीला) सात-आठ, उरलेल्या वेळात एखादा तराणा किंवा भजन असा हिशेब गायकाच्या मनात पक्का असे. त्या बंधनाने काय गाळायचे आणि काय ठेवायचे याचा विवेक गायकाला शिकवला. तीन मिनिटांच्या तबकडीत ज्यांनी रागाचे पूर्ण रूप उभे केले, त्या पिढीची गाणी आजही आपण आदर्श म्हणून ऐकतो. तेव्हा तीस मिनिटे कमी पडतात ही सबब मला पटत नाही. मला पटते ती तक्रार निराळी आहे : बातम्यांची वेळ झाली म्हणून द्रुत बंदिश ऐन तिहाईपूर्वी (समेवर नेणाऱ्या तीनदा येणाऱ्या शेवटच्या तुकड्यापूर्वी) आवाज उतरवून तोडली जाते, तेव्हा कलाकाराचा आणि श्रोत्याचा सारखाच अपमान होतो. त्यावर उपाय सोपा आहे. क्यू-शीट (प्रसारणाचे वेळापत्रक) करताना मुद्रणाची लांबी तपासावी आणि दोन मिनिटे उरली, तर ती तानपुऱ्याने भरावीत.

श्रेणीपद्धतीविषयीच्या आक्षेपांना इतिहासाचा आधार आहे आणि तो लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर संवादिनीला बंदी होती. स्वातंत्र्याच्या आसपासच्या वर्षांत, खासगी आयुष्याचे कारण पुढे करून, तवायफ परंपरेतल्या गायिकांना दूर ठेवण्यात आले, आणि तो अन्याय संवादिनीच्या बंदीपेक्षा कितीतरी गंभीर होता. या दोन्ही गोष्टी मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या निर्णयांनी घडल्या. त्यांचा दोष ज्या श्रवण चाचणीवरून श्रेणी ठरते तिच्या मूळ कल्पनेवर टाकता येत नाही. परीक्षकांना नाव, गुरू किंवा घराणे न कळवता केवळ आवाज ऐकवायचा आणि त्यावरून ‘बी’, ‘बी-हाय’, ‘ए’ किंवा ‘टॉप’ अशी श्रेणी ठरवायची, ही कल्पना ज्याच्या पाठीशी घराणे, शहर आणि ओळखी नाहीत अशा गाणाऱ्यासाठीच हिताची आहे. लहान गावातल्या शिक्षकाच्या पाटीवर आणि मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘आकाशवाणी मान्यताप्राप्त कलाकार’ हे शब्द अभिमानाने छापले जातात, ते यामुळेच. चाचणी वेळेवर होत नसेल, निकाल रखडत असेल, तर तसा जाब विचारता येतो. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, संसदेत प्रश्न उपस्थित होऊ शकतो. एखाद्या ॲपने तुमचे गाणे कोणालाच का सुचवले नाही, याचा जाब विचारायला कुठे जायचे?

‘रागम्’ ही वाहिनी २६ जानेवारी २०१६ रोजी सुरू झाली याचा मला मनापासून आनंद आहे. ती बंगळूरूहून चालते आणि डीटीएचवर व मोबाइल ॲपवर ऐकता येते. पण ती स्थानिक केंद्रांना पर्याय कशी ठरेल? एक तर साध्या रेडिओ संचावर आपले गावचे केंद्र लागते तशी ती लागत नाही, आणि डेटा व ॲप यांच्या खटाटोपात न पडणारे वयस्कर श्रोते तर या कार्यक्रमांचे जुने सोबती आहेत. दुसरे असे, की चोवीस तास वाजवायला लागणारे संगीत ठिकठिकाणच्या केंद्रांतूनच येत असते. केंद्रांचे स्टुडिओ थंडावले, तर ‘रागम्’ला जुन्याच मुद्रणांवर गुजराण करावी लागेल.

राहता राहिली शेवटची सूचना, मोकळ्या झालेल्या वेळेत लोकप्रिय गाणी लावण्याची. ती गाणी विविध भारतीवर दिवसभर लागतात, खासगी एफएमवर रात्रंदिवस लागतात, आणि ज्या इंटरनेटवर सगळे मिळते असे सांगितले जाते त्यावर तर ती सर्वांत आधी मिळतात. ती ऐकण्यावाचून आज कोणाचेही अडलेले नाही. सकाळच्या केंद्रावरून देशकार गेला, तर तो मात्र दुसऱ्या कोणत्याही स्थानकावर लागणार नाही. म्हणून हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे, की त्याऐवजी केंद्र संचालकांना एक पत्र लिहावे : महिन्याच्या मैफली कलाकार, राग आणि वेळ यांसह आधी जाहीर करा, दुपारच्या रागांना दुपारी जागा द्या, नव्या कलाकारांच्या चाचण्या वेळेवर घ्या, आणि बंदिश मध्येच तोडू नका.