पाचपैकी पाच, पण कधी विचारलंत?

‘घरी जाताना बहुतेक बायका समाधानी असल्याचं सांगतात, म्हणजे सेवा चांगली’ हे बाळंतपणाच्या सेवेवरच्या लेखातलं वाक्य मला अजिबात पटलं नाही. तेव्हा बाळ कुशीत असतं, दोघं सुखरूप सुटलो याचंच इतकं हायसं वाटत असतं की कुणी काहीही विचारलं तरी तोंडून ‘छान’च निघतं. मीही तेच केलं. फॉर्म पुढे करणारी नर्स तीच, जिने रात्री मला ‘ओरडू नका’ म्हणून दटावलं होतं. तिच्यासमोर काय लिहिणार? दिले पाचपैकी पाच. बाळ बाहेर यावं म्हणून योनीमार्गाशी छेद घेताना मला विचारणं तर सोडाच, कुणी सांगितलंही नव्हतं. त्याचा राग यायला चार महिने लागले, आणि तोवर विचारायला कोणी उरलं नव्हतं.

शिवाय ‘समाधानी आहात का?’ या एका प्रश्नात काय मावणार? बाळंतपणाबद्दलचं समाधान मोजणाऱ्या २०१४च्या सुधारित ‘बर्थ सॅटिस्फॅक्शन स्केल’ या प्रश्नावलीतही प्रश्न दहाच आहेत, पण मिळालेली सेवा, सोसलेला ताण आणि बाईची स्वतःवरची पकड हे तीन भाग त्यात वेगळे दिसतात. माझे पहिल्यात बरे गुण आले असते, तिसऱ्यात जवळपास शून्य. लेखाचा सगळा भर वेदनेवर आहे, तोही खटकला. संशोधक हॉडनेट यांनी २००२मध्ये घेतलेल्या अभ्यासांच्या आढाव्यात बाईच्या समाधानासाठी मिळालेला आधार, कर्मचाऱ्यांशी असलेलं नातं आणि निर्णयातला सहभाग हे वेदनेपेक्षा वजनदार ठरले होते. कळा मी केव्हाच विसरले. ते ‘ओरडू नका’ मात्र अजून ऐकू येतं.