साईड प्रोजेक्ट पूर्ण होऊ नये म्हणून घ्यायची काळजी

साईड प्रोजेक्ट म्हणजे नोकरी सांभाळून फावल्या वेळात हौसेनं करायचं काम. तुम्हाला लिहायचंय का? लेख म्हणतोय मी, कोड नाही. लिहायचं असेल तर आधी ते लिहिण्याचं खूळ बाजूला ठेवा आणि लेख ज्यावर टाकणार ते सॉफ्टवेअर स्वतः बनवायला घ्या. तयार आहेत हो, वर्डप्रेस २००३ पासून आहे, जेकिल २००८ पासून, ह्यूगो २०१३ पासून, पण तयार गोष्ट घेऊन गुपचूप लेख लिहीत बसला तो प्रोग्रामर कसला! वर्डप्रेसला ‘फार जड’ म्हणायचं, जेकिलला ‘रूबी कोण इन्स्टॉल करणार’ म्हणायचं (ज्या प्रोग्रामिंगच्या भाषेवर ते चालतं ती), ह्यूगोला ‘टेम्प्लेट बघवत नाहीत’ म्हणायचं (हे मात्र खरंच आहे) आणि शनिवारी सकाळी एक रिकामा फोल्डर उघडून गिट इनिट मारायचं, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद सुरू करणारी कमांड. मार्कडाऊनच्या, म्हणजे साध्या खुणा टाकून लिहिलेल्या मजकुराच्या फायली वाचायच्या, वेबपानाचं एचटीएमएल बाहेर काढायचं, एवढंच तर काम, संध्याकाळपर्यंत होईल. आणि संध्याकाळपर्यंत ते खरंच होतं, धोका आहे तो हाच, म्हणून दुपारीच काहीतरी वाढवून ठेवा.

वाढवायला उत्तम जागा म्हणजे शीर्षकावरून यूआरएल बनवणारं फंक्शन. कुठूनतरी उचललेला रेजेक्स (मजकुरात हवा तो नमुना शोधायचं सूत्र) ए ते झेड आणि आकडे ठेवतो, बाकीचं उडवतो, त्यामुळे मराठी शीर्षक दिलं की हातात रिकामी स्ट्रिंग येते आणि तुमचे सगळे मराठी लेख एकाच फायलीत एकमेकांच्या उरावर बसतात. मग तुम्ही पायथन भाषेतल्या रेजेक्सची ‘कुठलंही अक्षर’ सांगणारी खूण, बॅकस्लॅश डब्ल्यू, लावता कारण तो म्हणे युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्या, ओळखतो. ओळखतो ना, अक्षरं ओळखतो, पण काना, मात्रा, हलन्त हे त्याच्या हिशेबात अक्षरात धरतच नाहीत, त्यामुळे ‘नमस्कार’ आत टाकला की ‘नमसकर’ बाहेर येतो. तेही निस्तरलं समजा, तर यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, आणि यूआरएलमध्ये प्रत्येक बाइट टक्क्याच्या खुणेसकट ३ अक्षरं खातो, म्हणजे ‘नमस्कार’ची ७ चिन्हं लिंक कॉपी करून कुणाला पाठवली की ६३ अक्षरांची शेपटी होऊन जातात. आळशी माणूस इथे फाईलला ‘lekh-1’ नाव देऊन मोकळा होतो. तुम्ही तसलं काही करू नका, तुम्ही मराठीचं रोमन लिपीत लिप्यंतर करणारी लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येईल असा कोड) लिहायला घ्या. अभिनंदन, आता तुमचे दोन प्रोजेक्ट अर्धवट आहेत.

घरच्यांनी किंवा मित्रांनी ‘अरे पण लेख कुठंय’ विचारलं तर संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथचं नाव घ्यायचं. या माणसाला १९७७ मध्ये आपल्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघवेनात, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं, टेक. वर्षभरात आटपेल असा अंदाज होता, त्यात नवी भर घालणं थांबलं ते १९८९ मध्ये. एवढं सांगून विषय बदला, कारण त्याआधीच त्यांचे ३ खंड छापून बाजारात आलेले होते ही माहिती आपल्या केसला घातक आहे. व्हर्जन नंबरचं मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे, टेकचा नंबर दर सुधारणेला गणितातल्या ‘पाय’ (π) या संख्येच्या जवळ सरकतो, सध्या ३.१४१५९२६५३ आहे. तुमचा ०.०.३ शून्याच्या जवळच राहू दे, त्याला कुठे जायचंय.

सॉफ्टवेअर चालायला लागलंच तर ते नुसतं वापरत बसू नका, माणसाला त्याची सवय होते. यामलमध्ये, म्हणजे लेखाच्या डोक्यावर शीर्षक वगैरे माहिती लिहायच्या पद्धतीत, शीर्षक अवतरणचिन्हांशिवाय लिहा आणि त्यात एक कोलन आणि पुढे स्पेस टाका, अख्खा बिल्ड (फायलींपासून साइट बनवायचं काम) आडवा होईल आणि एरर अशी येईल की ती वाचून कोलनवर संशय घ्यायला निदान एक संध्याकाळ जावी. फीडमधले (नव्या लेखांची यादी देणाऱ्या फायलीतले) लेखांचे आयडी बदलून बघा, म्हणजे वाचकांच्या फीड वाचायच्या अ‍ॅपमध्ये तुमचे सगळे जुने लेख नवे म्हणून पुन्हा हजर होतात, आणि वाचक मोजकेच असल्यामुळे ते निघून गेलेले लगेच कळतात. हे सगळं अंगावर आलं की सहा महिने प्रोजेक्टचं नाव काढू नका. परत याल तेव्हा नोडची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) व्हर्जन पुढे गेलेली असते, वापरलेल्या निम्म्या तयार पॅकेजांना कुणी वाली नसतो, आणि जो कोड तेव्हा चालत होता तो एका अक्षराला हात न लावता मोडलेला असतो. दुरुस्त करू नका. ‘पहिल्यापासून रस्टमध्ये लिहितो’ म्हणा, ती दुसरी प्रोग्रामिंगची भाषा.

नव्या प्रोजेक्टचा क्रम ठरलेला आहे, आधी नाव, मग डोमेन, मग लोगो, मग डार्क मोड, आणि कोड जमलं तर. डोमेनला ऑटो-रिन्यू लावून ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट विसरलात तरी बँक दरवर्षी आठवण करून देते. रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फायलीत) ‘लवकरच’ असं लिहा, तारीख टाकू नका. ग्नू हर्ड १९९० पासून चालू आहे आणि १.० अजून आलेलं नाही, पण ते निदान ऑपरेटिंग सिस्टीमचं गाभ्याचं काम होतं, तुम्ही तेवढाच वेळ खर्चाच्या हिशेबाच्या अ‍ॅपवर घेऊ शकता, थोडी मेहनत लागेल फक्त. कोडमध्ये जागोजागी ‘टूडू (करायचं राहिलेलं): हे नीट कर’ लिहीत जा, काय नीट करायचं ते लिहू नका, पुढच्या वर्षीच्या तुम्हाला विचार करायला काहीतरी हवं ना.

आणि इतकी काळजी घेऊनही एखादी गोष्ट पूर्ण झालीच, तर कुणाला सांगू नका. सांगितलंत तर कोणीतरी ती वापरेल, आणि वापरणारा माणूस भयंकर असतो, तो विंडोजवर असतो, त्याच्या फोल्डरच्या नावात स्पेस असते, आणि तो मध्यरात्री इश्यू (प्रोजेक्टच्या पानावरची तक्रार) उघडून ‘चालत नाही’ एवढंच लिहितो, पुढे काही नाही. त्याला नम्रपणे कळवा की जुनं व्हर्जन आता सपोर्ट करत नाही, नवं लिहायला घेतलंय.