बेडकाचं रक्त थंड, म्हणून त्याला विष चढत नाही म्हणे!

परवा रात्री मामांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज ढकलला. वर ठळक अक्षरांत ‘फवारणीने बेडूक मरतात ही निव्वळ अफवा’, खाली सहा मुद्दे आणि शेवटी ‘प्रत्येक धान उत्पादकापर्यंत पोचवा’. एरवी असलं काही मी न वाचताच पुसते. पण भंडाऱ्याकडे मामांची धानाची बांधी आहे, तिच्या खालच्या अंगाला बोडी, म्हणजे छोटं तळं आहे आणि फवारणी झाली की मामा पंप त्याच बोडीत खंगाळतात. त्यात मेसेजखाली त्यांनी स्वतःची भर घातली होती, ‘बघ, तू उगाच ओरडत असतेस.’ आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

पहिला मुद्दा: ‘बेडूक थंड रक्ताचा प्राणी असल्याने त्याला विष चढत नाही.’ हे ज्याने लिहिलं त्याला मला एकदा भेटायचंय. थंड रक्त म्हणजे शरीराचं तापमान भोवतालच्या हवापाण्याप्रमाणे कमीजास्त होणं, बस्स. विष अडवणारी ती गाळणी नाही. धानाचा रस शोषणारा तुडतुडा तरी कुठे गरम रक्ताचा आहे? मग तो कसा मरतो? मॅलेथिऑन, मोनोक्रोटोफॉस यांच्या घराण्यातली औषधं मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एक विकर (एन्झाइम) बंद पाडतात. ते विकर किड्यात आहे, बेडकात आहे, माणसातही आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन 20हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, ते काय किडे होते? बेडकाची गत तर आणखी वाईट. तो तोंडाने पाणी पीतच नाही, कातडीतून शोषतो. श्वासही बराचसा कातडीतूनच घेतो. पाण्यात जे उतरलं ते थेट त्याच्या अंगात.

दुसरा मुद्दा हिरव्या त्रिकोणाचा. ‘डब्यावर हिरवा त्रिकोण असेल तर औषध सर्व जिवांना सुरक्षित.’ नाही हो. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग ठरतात ते उंदरासारख्या सस्तन प्राण्यावर केलेल्या चाचणीवरून, म्हणजे मुख्यतः तुमच्या-आमच्या जिवाच्या हिशेबाने. क्लोरँट्रानिलीप्रोलच्या डब्यावर हिरवा त्रिकोण असतो आणि तेच औषध पाण्यातल्या डॅफ्नियासारख्या बारक्या जिवांना अत्यंत विषारी आहे. हे बारके जीव लक्षात ठेवा, पुढे लागतील.

तिसरा आणि चौथा मुद्दा एकत्रच घेते, कारण खरं नुकसान इथे आहे. ‘औषध दोन-चार दिवसांत विरून जातं. म्हणून एकदम मोठा डोस न देता दर आठवड्याला हलका हात मारा. तुडतुडाही आटोक्यात, बेडूकही सुखरूप.’ विरून जातं हे काही औषधांपुरतं खरं आहे. मॅलेथिऑन लवकर विघटन पावतं, मान्य. पण नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी प्रयोग केला, तो 2008 मध्ये छापून आला. उघड्यावरच्या टाक्यांत शेवाळ, बारके जीव आणि बेडूकमासे असं छोटं डबकंच उभं केलं आणि 79 दिवस पाहिलं. काही टाक्यांत एकदाच मॅलेथिऑन घातलं, काहींत दर आठवड्याला अगदी थोडं, लिटरला 10 मायक्रोग्रॅम. म्हणजे लाख लिटर पाण्यात एक ग्रॅम. असं सात वेळा.

बेडूकमासे त्या औषधाने थेट मेले नाहीत. मेले ते डॅफ्नियासारखे बारके जीव. ते पाण्यात तरंगणारं शेवाळ खातात. खाणारे गेल्यावर ते शेवाळ माजलं, पाणी हिरवं झालं आणि तळाशी चिकटून वाढणारं शेवाळ खुरटलं. बेडूकमाशांचं अन्न नेमकं हे तळाचं. लवकर पाय फुटून बाहेर पडणारी जात वाचली. जिला जास्त दिवस लागतात तिची वाढ खुंटली आणि पाणी आटत गेलं तेव्हा ती शेपटीसकट अडकून मेली. आणि बऱ्याच बाबतींत त्या सात हलक्या हातांनी केलेलं नुकसान 25 पट मोठ्या एका डोसापेक्षा जास्त होतं.

गेल्या पोळ्याला मी गेले तेव्हा बोडीलगतचं डबकं हिरवंगार होतं आणि काठच्या चिखलात शेपट्या न झडलेले बेडूकमासे वळवळत होते. ते औषधामुळेच, असं शपथेवर सांगणार नाही. युरियानेही पाणी हिरवं होतं. पण मेलेला बेडूक पाण्यावर तरंगला नाही म्हणून औषध निर्दोष, हे कसं?

राहिला तुडतुडा. त्याला खाणारे कोळी आणि ढेकणाच्या कुळातले शिकारी किडे फवारणीत आधी मरतात आणि तो दुप्पट जोराने परततो. इंडोनेशियाने हे भोगलं आणि 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली. तिथला भात काही संपला नाही.

पाचवा मुद्दा, ‘बेडूक बुरशीमुळे मरतात.’ बरं, यात तथ्य आहे. कायट्रिड बुरशीने ऑस्ट्रेलिया आणि मध्य अमेरिकेत बेडकांच्या जातीच्या जाती संपवल्या. पण घराला वाळवी लागलीय म्हणून कोणी आग लावायला मोकळा होत नाही.

सहावा, औषधांना विरोध म्हणजे परदेशी डाव वगैरे. एंडोसल्फान हे कीटकनाशक 2011 मध्ये थांबवलं ते आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांखालच्या माणसांचे हाल पाहून. पुढे.

हे सगळं काल मामांना फोनवर ऐकवलं. बराच वेळ हूं हूं करून ते म्हणाले, “मग पंप धुवू कुठं?” बोडीपासून लांब, वरच्या पडीक तुकड्यात, म्हटलं. “तिथवर पाणी कोण वाहणार, तू?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शनिवारी गावच्या गाडीत एक पिंप पाठवतेय.