लोखंडच ते, त्याला काय होतंय!

पोलादाचा माल परदेशी पाठवायचाय? बिलावर 'लोखंडी सामान' लिहा आणि 73 ने सुरू होणारा कुठलाही एचएसएन (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) ठोकून द्या. खरं तर तापवून लाटलेला (हॉट रोल्ड) पत्रा 7208, थंड लाटलेला (कोल्ड रोल्ड) 7209, जस्ताचा मुलामा दिलेला 7210, तेही रुंदी 600 मिमी किंवा जास्त असेल तरच. स्लिटिंग करून (उभा चिरून) पट्टी अरुंद केली की 7211, मुलामा असेल तर 7212. जीएसटी सगळ्याला 18 टक्केच, मग एवढी चिकित्सा कशाला? न्हावा-शेव्याला कस्टम्सवाला शिपिंग बिल आणि माल शेजारी ठेवून बघत बसला, तर बसू द्या. कंटेनरचं भाडं काय, चढतच असतं.

लेथखालचा चुरा तर भंगारच, 7204. तेलकट, ओला, असेल तसा दाबून भरा. आपोआप तापण्याजोग्या चुऱ्याला यूएन 2793 हा धोकादायक मालाचा क्रमांक आणि वर्ग 4.2 लागतो, हे जहाजवाल्याला सांगू नका. तो उगाच प्रश्न विचारतो. बारीक चुरा गंजताना उष्णता सोडतो आणि ढिगाच्या पोटातून ती बाहेर पडत नाही. तापला तर समुद्रात तापेल, तुम्ही तळोज्यात असाल.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या) कॉइलवरचा व्हीसीआय (गंजरोधक) कागद आणि प्लास्टिक म्हणजे निव्वळ उधळपट्टी. पावसाळ्यात उघड्यावर ठेवून ओलसर कॉइल तशीच कंटेनरमध्ये बंद करा. थरांत पाणी अडकतं, हवा पोचत नाही आणि जस्तावर पांढरा गंज धरतो. गिऱ्हाइकाने माल परत केला, तर त्याला 'नैसर्गिक रंग' म्हणून सांगून बघा. खालचे गुटकेही ओल्या लाकडाचेच घ्या. निर्यातीच्या लाकडाचा गाभा 56 अंशाला 30 मिनिटं तापवून शिक्का मारायचा असतो म्हणे. शिक्का काय, कुठेही मिळतो.

आता 20 टनांची कॉइल ट्रेलरवर. कॉइल बसवायचा पाळणा नको, रबरी मॅट नको. गुळगुळीत पत्र्यावर पोलाद सहज सरकतं, तेवढीच उतरवताना सोय! करकचून ब्रेक लागला तर पुढच्या दिशेने 0.8 जी (वजनाच्या 0.8 पट जोर) धरून बांधायचं असतं, म्हणजे 16 टनांचा जोर, आणि पुढे ड्रायव्हरची केबिन. तुम्ही दोन गुटके आणि एक जुना दोर लावा. वरून ताडपत्री मात्र झकास ताणा. सैल दोर त्याखाली दिसत नाही.

शिवाय विमा आहेच. अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेलं नुकसान भरून मिळत नाही, हे पॉलिसीत छापलेलं असतं, पण एवढी बारीक अक्षरं वाचतो कोण? भरपाईच्या अर्जात 'ड्रायव्हरचा निष्काळजीपणा' लिहा, आणि सर्व्हेअर पोचायच्या आत तो दोर काढून तिथे चार साखळ्या टाकायला विसरू नका.